जझरीची झडप आणि रोबोटचा सांधा

दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र फिरून येतं. हत्तीच्या पाठीवर मनोरा, मनोऱ्यात पाण्याचं घड्याळ आणि हत्तीच्या मानेवर हातोडा घेतलेला माहूत. खाली मजकूर असतो की रोबोटचा शोध आठशे वर्षांपूर्वी मुसलमानांनी लावला. आपल्यातले काही जण 'माशाअल्लाह' लिहून तो पुढे पाठवतात. काही जण टोमणा मारतात की आठशे वर्षांपूर्वी रोबोट केलात, मग आज काय करताय?

चित्र खरं आहे. ते बदीउज्जमान अबुल-इज्ज इस्माईल अल-जझरी याच्या १२०६ साली पूर्ण झालेल्या ग्रंथातलं. पण दावा ढिला आहे आणि टोमणा मारणाऱ्यानेही तो ग्रंथ उघडलेला नसतो. जझरीच्या बाहुल्यांना रोबोट म्हणावं की नाही, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. त्याच्या पुस्तकातली खरी मोलाची गोष्ट त्या चित्रात दिसतच नाही. कोणतंही यंत्र कागदावर आखल्याइतकं नेमकं बनत नाही, हे तो जाणून होता. ती तूट कुठे आहे, किती आहे आणि तिचं काय करायचं, याची उत्तरं त्याने हाताने काम करून शोधली. आजच्या कारखान्यातल्या रोबोटच्या हाताचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास आहे. तो या लेखात थोडा उलगडून पाहू.

सहा सांध्यांचा हिशेब

आधी प्रश्न समजून घेऊ. मोटारीच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा रोबोट पाहिला असेल. त्याचा हात आपल्या हातासारखाच रचलेला असतो. खांदा, कोपर, मनगट असे एकामागोमाग एक, बहुधा सहा सांधे. प्रत्येक सांध्यात फिरणारा शाफ्ट, त्याला धरणारं बेअरिंग आणि मोटरचा वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर.

आता कोणत्याही फिटरला विचारा. शाफ्ट आणि बुश अगदी एका मापाचे केले तर ते फिरणारच नाहीत, जाम होतील. थोडी जागा सोडावी लागते, त्या जागेत तेल राहतं. पण जागा जास्त झाली की शाफ्ट खेळतो. वर्कशॉपमध्ये त्याला 'प्ले' म्हणतात. गिअरच्या दात्यांमध्येही तसंच. दाते घट्ट बसवले तर घासतात, सैल ठेवले तर फिरण्याची दिशा बदलताना आधी ती मोकळी जागा भरून निघते आणि मगच पुढचं चाक हलतं. याला बॅकलॅश म्हणतात. शिवाय लेथवर दहा शाफ्ट काढले तर दहाही तंतोतंत सारखे निघत नाहीत. म्हणून ड्रॉइंगवर मापाबरोबर किती कमीजास्त चालेल तेही लिहितात. ते टॉलरन्स.

एकाच सांध्याचा प्रश्न असता तर तो सोपा होता. पण हातात सांधे एकाला एक जोडलेले असतात, त्यामुळे खांद्यातली चूक पुढच्या सगळ्या हातभर वाढत जाते. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. खांद्याचा सांधा एवढाच हलला तर एक मीटर अंतरावर हाताचं टोक सुमारे ०.२९ मिलिमीटर सरकतं. दोन मीटरचा हात असेल तर दुप्पट. तीच एक कला मनगटात असेल आणि पुढे फक्त दहा सेंटिमीटरचं हत्यार असेल, तर टोक ०.०३ मिलिमीटरच सरकतं. म्हणून सगळे सांधे सारखेच अचूक करत बसण्यात शहाणपण नसतं. खर्च खांद्यावर करावा लागतो.

वर उष्णता आहेच. अ‍ॅल्युमिनियमचा एक मीटरचा दांडा दहा अंश सेल्सिअसने तापला की ०.२३ मिलिमीटर लांब होतो. सकाळी थंड मशीनवर घेतलेलं माप दुपारी तसंच राहत नाही.

जझीऱ्याचा कारागीर

अल-जझरी म्हणजे 'जझीऱ्याचा'. तैग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांमधल्या उत्तरेकडच्या प्रदेशाला अरब अल-जझीरा, म्हणजे बेट, म्हणत. आपल्या मुरुडचा जंजिरा हा त्याच अरबी शब्दाचा मराठी उच्चार. जझरी दियारबकीरच्या अर्तुकी राजांच्या पदरी पंचवीसेक वर्षं होता. सुलतान नासिरुद्दीन महमूदने सांगितल्यावरून त्याने आपल्या यंत्रांचं पुस्तक लिहिलं. त्यात पन्नास यंत्रं सहा भागांत मांडली आहेत : घड्याळं, पेयाची पात्रं, हात धुण्याची आणि रक्तमोक्षणाची साधनं, कारंजी, पाणी उपसण्याची यंत्रं आणि इतर. या विद्येला अरबीत 'इल्म अल-हियल' म्हणत. हियल हे 'हीला' या शब्दाचं अनेकवचन. उर्दूत आपण 'हीला-हवाला' म्हणतो, तोच हा हीला. मूळ अर्थ युक्ती.

प्रस्तावनेत जझरी सांगतो की आधीच्या लोकांची पुस्तकं त्याने वाचली, पण त्यातलं सगळं त्यांनी करून पाहिलेलं नव्हतं. जे ज्ञान करून तपासलेलं नाही ते खरं आणि खोटं यांच्या मध्येच लोंबकळतं, अशी त्याची भूमिका होती. ती त्याच्या सर्वांत मोठ्या घड्याळात प्रत्यक्ष दिसते.

त्या काळी दिवसाचे बारा तास म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्ताचे बारा भाग. उन्हाळ्यात तास मोठा, हिवाळ्यात लहान. म्हणजे घड्याळातलं पाणी रोज थोड्या वेगळ्या वेगाने वाहायला हवं. त्यासाठी दोन गोष्टी लागत होत्या. एक, पाण्याची पातळी कायम राखणारी छोटी टाकी. तिच्यात तरंगता गोळा आणि त्यावर शंकूच्या आकाराची झडप. पातळी वाढली की झडप बंद, उतरली की उघडी. दुसरी, पाणी सोडणारं बारीक छिद्र, जे एका चकतीवर फिरवून वरखाली करता येई. छिद्र खाली नेलं की पाणी जोरात, वर नेलं की हळू.

इथे झडप जराशी गळली तर पातळी हलते, पातळी हलली तर तास चुकतो. म्हणून जझरीने झडपेची खुंटी आणि तिची बैठक कुरुंदाची पूड घालून एकमेकींवर घासून बसवली. पाण्याचा थेंब जाणार नाही इतकी. मोटारसायकलच्या इंजिनचे व्हॉल्व्ह जमवणारा गॅरेजवाला आजही पेस्ट लावून हेच करतो.

चकतीवरच्या खुणांची गोष्ट याहून बोलकी आहे. त्याच्यासमोर आर्किमिडीजच्या नावावर चालत आलेली रचना होती. तिच्यात अर्धवर्तुळावर राशींच्या खुणा केलेल्या होत्या. जझरीने ती तपासली आणि ती बरोबर चालत नाही असं त्याला दिसलं. मग त्याने छिद्र वेगवेगळ्या जागी ठेवून पाणी वाहवलं, मोजलं आणि मोजून आलेल्या जागी खुणा केल्या. आर्किमिडीजचं नाव मोठं म्हणून त्याने खूण तशीच ठेवली नाही. आणि ती चुकली म्हणून त्याने आर्किमिडीजला मोडीतही काढलं नाही. त्याच्या कल्पनेवरच पुढचं काम उभं केलं.

लाकूड हवामानाने वाकतं, म्हणून तो लाकडाचे थर एकमेकांना चिकटवून घेतो. चाकाचा तोल एका बाजूला जाऊ नये म्हणून तो आधी तपासतो. गुंतागुंतीचा भाग आधी कागदाचा करून पाहतो. साहित्य आपल्या आराखड्याप्रमाणे वागत नाही हे मान्य केल्यावर माणूस ज्या गोष्टी करतो, त्या या सगळ्या.

मग त्याच्या बाहुल्या रोबोट होत्या का? पेला पुढे करणारा त्यांचा हात ठरलेल्या एकाच वाटेने हलत असे. आपण कुठे आहोत हे त्या हाताला कळत नसे आणि चुकल्यास सुधारता येत नसे. पाण्याच्या टाकीतल्या झडपेला मात्र ते येत होतं. रोबोटशी नातं जोडायचंच असेल तर ते बाहुलीपेक्षा त्या झडपेशी जोडावं असं मला वाटतं.

बिरुनीची साखळी

जझरीच्या पावणेदोनशे वर्षं आधी अबू रैहान अल-बिरुनी वेगळ्या क्षेत्रात याच अडचणीशी झुंजत होता. त्याला गझना शहराचं स्थान ठरवायचं होतं, कारण त्यावरून तिथला किब्ला नेमका काढता येणार होता. अक्षांश आकाशाकडे पाहून मिळतो, पण रेखांशात घोळ होता. त्याने बगदादपासून गझनापर्यंत शहरांची साखळी घेतली. दोन शहरांमधलं अंतर आणि त्यांचे अक्षांश यांवरून रेखांशातला फरक काढायचा, मग पुढचं शहर, मग त्याच्या पुढचं. प्रत्येक टप्प्यावरची चूक पुढच्या टप्प्यात शिरणार हे उघड होतं. रोबोटच्या हातासारखीच ही मापांची साखळी होती.

बिरुनीने काय केलं? तो दुसऱ्या, दक्षिणेकडच्या वाटेनेही गझनाला पोचला आणि दोन्ही उत्तरं ताडून पाहिली. १०२५ साली पूर्ण झालेल्या 'तहदीद'मध्ये ही सगळी आकडेमोड आहे. चुका कुठून येतात याचीही त्याला जाण होती. लहान उपकरणाची चूक, पाहणाऱ्या माणसाची चूक आणि गणितात ज्या आणि वर्गमूळ घेताना साचत जाणारी चूक, या एकमेकींत मिसळल्या की मोठ्या होतात, असा इशारा त्याने दिला आहे. उत्तराबरोबर त्या उत्तरावर किती विसंबावं हेही सांगायला हवं, ही जाणीव त्यात आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. बिरुनी किंवा जझरीपासून थेट आजच्या रोबोटपर्यंत एक अखंड धागा जातो, असा माझा दावा नाही. पुढचं काम वेगळ्या देशांत, वेगळ्या गरजांतून आणि वेगळ्या भांडवलावर उभं राहिलं. सारखा आहे तो प्रश्न.

जोडी सुटली, माप आलं

जझरीच्या झडपेची एक मर्यादा होती. घासून जमवलेली खुंटी फक्त तिच्याच बैठकीत बसते. ती हरवली तर दुसऱ्या घड्याळाची चालत नाही, पुन्हा कारागीर आणि पुन्हा कुरुंद. हजारो यंत्रं बनवायची तर हे परवडत नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत बंदुका, शिवणयंत्रं, रेल्वे यांच्या उत्पादनातून यावर दुसरं उत्तर तयार झालं. जोडी जमवण्याऐवजी दोन्ही भाग सामायिक मापाला बांधायचे. १८४१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने स्क्रूच्या आट्यांचं एक समान माप सुचवलं, म्हणजे एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढेल. पुढे 'गो' आणि 'नो-गो' गेज आली. भोकात एक टोक गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये, इतकी साधी तपासणी. नेमकं माप कोणालाच गाठता येत नाही हे त्यात गृहीत धरलेलं असतं. दोन सीमांच्या मध्ये असलेला भाग चांगला.

स्वीडनच्या एस्किल्स्टुना इथल्या बंदूक कारखान्यातल्या कार्ल एडवर्ड योहान्सनने १८९६ च्या सुमारास याला पाया दिला. त्याचा १०२ स्टीलच्या ठोकळ्यांचा संच असा होता की ते एकमेकांना चिकटवून १ ते २०१ मिलिमीटरपर्यंतचं कोणतंही माप ०.०१ मिलिमीटरच्या टप्प्याने तयार करता येई. आपले जुने मिस्त्री अजूनही सूत म्हणतात, म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.१८ मिलिमीटर. त्या एका सुतात योहान्सनचे तीनशेहून जास्त टप्पे बसतात.

चुकणारा, पण एकसारखा चुकणारा हात

१९५४ साली अमेरिकेत जॉर्ज डेव्होलने हालचाली साठवून ठेवणाऱ्या यांत्रिक हाताच्या पेटंटसाठी अर्ज केला. जोसेफ एंगेलबर्गर त्याच्याबरोबर आला आणि १९६१ साली युनिमेट हा त्यांचा रोबोट न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलायचं काम त्याला दिलं होतं. माणसाला भाजणारं, धुराचं काम.

त्याला काम शिकवायची पद्धत महत्त्वाची होती. हात हव्या त्या जागी न्यायचा आणि 'ही जागा लक्षात ठेव' म्हणून नोंद करायची. नंतर तो त्या जागांवर पुन्हापुन्हा जात राहतो. ती जागा कारखान्याच्या नकाशावर नेमकी कुठे आहे, हे त्याला कळायची गरज नसते. तो स्वतःच्या चुकांसकट तिथे पोचलेला असतो आणि त्याच चुकांसकट पुन्हा पोचतो.

यातून इंजिनिअरांनी दोन वेगळ्या गोष्टी नीट वेगळ्या केल्या. सांगितलेल्या जागी पोचणं ही अचूकता. पुन्हापुन्हा त्याच जागी पोचणं ही पुनरावृत्ती. भिंतीवरचं घड्याळ रोज पाच मिनिटं पुढे असेल तर नमाजची वेळ चुकत नाही, आपण मनात पाच वजा करतो. पण घड्याळ कधी पुढे आणि कधी मागे असेल तर ते काढून टाकावं लागतं. पहिल्याची चूक मोठी असूनही सांभाळता येते, दुसऱ्याची लहान असूनही नाही. रोबोट तपासण्याचं आयएसओ ९२८३ हे आंतरराष्ट्रीय मानक आजही या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायला लावतं. १९७८ साली बाजारात आलेल्या प्यूमा रोबोटच्या ५६० या प्रसिद्ध मॉडेलची पुनरावृत्ती ०.१ मिलिमीटरच्या आसपास होती. मात्र केवळ आकड्यांवरून एखाद्या बिंदूवर जायला सांगितलं, तर असा हात त्याहून कितीतरी जास्त चुकू शकतो.

मग एकसारखी चूक वजा कशी करायची? १९५५ साली जाक देनाविट आणि रिचर्ड हार्टेनबर्ग यांनी सांध्यांच्या साखळीचं वर्णन करायची एक पद्धत मांडली. प्रत्येक सांध्याला फक्त चार आकडे, म्हणजे सहा सांध्यांच्या हाताला चोवीस. ड्रॉइंगमध्ये हे आकडे आदर्श असतात, प्रत्यक्ष हातात थोडे वेगळे. एखादा अक्ष किंचित तिरपा, एखादी नळी केसभर लांब. हाताचं टोक वेगवेगळ्या जागी नेऊन लेझरने मोजायचं, त्यावरून या विशिष्ट हाताचे खरे आकडे काढायचे आणि कॉम्प्युटरला द्यायचे. धातू पुन्हा कापावा लागत नाही, हाताला स्वतःचा दोष माहीत होतो. याला कॅलिब्रेशन म्हणतात. जझरीने पाणी वाहवून चकतीवर खुणा केल्या तेव्हा त्याने याच जातीचं काम केलं होतं.

ढील गेली, लवचीकपणा आला

एकसारखी चूक अशी सुटते. बॅकलॅशची सुटत नाही, कारण सांधा उजवीकडून आला की डावीकडून यावर ती बदलते. ती उगमापाशीच रोखावी लागते. बेअरिंगच्या बाबतीत दोन बेअरिंग एकमेकांवर दाबून बसवतात, म्हणजे खेळायला जागा उरत नाही. पण दाब जास्त झाला की घर्षण आणि उष्णता वाढते, आणि उष्णतेने पुन्हा माप बदलतं.

गिअरसाठी अमेरिकेतल्या वॉल्टन मसरने एक वेगळीच युक्ती काढली. तिचं पेटंट त्याला १९५९ साली मिळालं. तिला हार्मोनिक ड्राइव्ह म्हणतात. स्टीलचा पातळ, लवचीक पेला आणि त्याच्या बाहेरच्या कडेला दाते. बाहेर जाड, कडक कडं, त्याला आतून दाते. पेल्याच्या आत लंबगोल चकती फिरते आणि पेल्याला दोन बाजूंनी कड्यावर दाबते. पेल्याला २०० दाते आणि कड्याला २०२ असतील तर मोटरच्या एका फेऱ्यात पेला दोन दाते मागे सरकतो. मोटरचे शंभर फेरे झाले की सांधा एकदा फिरतो. एका वेळी बरेच दाते दोन्ही बाजूंना गच्च बसलेले असल्याने बॅकलॅश जवळजवळ नाहीसा होतो. १९७१ साली चंद्रावर गेलेल्या गाडीच्या चाकांतही हेच गिअर होते, आणि आज बऱ्याच रोबोटच्या सांध्यांत ते असतात.

पण फुकट काही मिळत नाही. तो पातळ पेला भार आल्यावर किंचित पिळवटतो. म्हणजे दात्यांमधली ढील गेली आणि तिच्या जागी लवचीकपणा आला. फायदा इतकाच की पीळ भारावर अवलंबून असतो, त्यामुळे त्याचा अंदाज बांधता येतो.

चौथं उत्तर तर याच्या उलट दिशेचं आहे. भोकात खुंटी घालायची असेल आणि हात पाव मिलिमीटर चुकला असेल, तर कडक हात खुंटी अडकवतो किंवा मोडतो. माणूस काय करतो? बोटं सैल सोडतो आणि खुंटी आपोआप भोकात शिरते. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्रेपर प्रयोगशाळेत डॅनियल व्हिटनी आणि सहकाऱ्यांनी रोबोटच्या मनगटात बसणारं असं लवचीक साधन विकसित केलं. जपानमध्ये यामानाशी विद्यापीठातल्या हिरोशी माकिनोने १९७८ च्या सुमारास स्कारा हा हात बनवला. तो वरखाली ताठ असतो, पण आडवा थोडा सैल. सर्किट बोर्डावर भाग बसवण्यासारख्या जुळणीच्या कामात त्याने मोठा बदल घडवला. ढील हा दोष आहे असं समजून तिच्याशी लढणाऱ्या क्षेत्रात कोणीतरी ठरवून, मोजून, एका दिशेला ढील ठेवली.

या सगळ्याचा हिशेब मांडायचे दोन मार्ग आहेत. समजा सहा सांधे टोकाशी प्रत्येकी ०.१ मिलिमीटर चूक घालतात. सगळ्या एकाच बाजूला पडल्या तर ०.६. हा सावध माणसाचा हिशेब. पण स्वतंत्र चुका सहसा अशा एकवटत नाहीत, काही एकमेकींना छेदतात. तेव्हा वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतात, आणि आकडा ०.२४ येतो. मात्र चुकांमागचं कारण एकच असेल, उदाहरणार्थ दुपारची उष्णता, तर दुसरा हिशेब फसवतो. कोणता हिशेब कधी लावायचा, हे ज्याला कळतं तो चांगला डिझायनर. १९९३ साली मापनातल्या अनिश्चिततेबद्दल आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आली, तिचं सार असं की शंकेचा आकडा सोबत नसलेलं माप अपुरं असतं.

आपल्यासाठी यात काय आहे

आता पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपच्या चित्राकडे येऊ. जझरीचा अभिमान बाळगायला माझी हरकत नाही. पण जझरीच्याच कसोटीवर तो मजकूर टिकत नाही, कारण पुढे पाठवणाऱ्याने काहीच तपासलेलं नसतं. आर्किमिडीजच्या नावावरची खूणसुद्धा पाणी सोडून पाहणाऱ्या माणसाच्या नावाने आपण न तपासलेली गोष्ट फिरवतो. शत्रूच्या टोमण्यापेक्षा हे मला जास्त लागतं.

दुसरी गोष्ट याहून जवळची आहे. जझरी राजाचा कारागीर होता. त्याच्या पुस्तकात तत्त्वज्ञान थोडं आणि ओतकाम, घासकाम, डाग देणं जास्त. आपल्या इतिहासात आपण आलिम, शायर, सुलतान आणि सूफी यांची नावं घेतो, हत्यार धरणाऱ्याचं घेत नाही. खरं तर आपल्या भाषेनेच त्याची आठवण ठेवली आहे. कारागीर फारसी, हिकमत अरबी. 'शिकलगार' हा शब्द सैकल म्हणजे चकाकी देणं यावरून आला. मिरजेच्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम मागे पडल्यावर सतार-तंबोरे बनवायला घेतले आणि आज मिरजेचं नाव त्यांच्यामुळे दूरवर पोचलं आहे. तलवारीला धार लावणारा हात तंबोऱ्याच्या घोडीवर जवार काढू लागला. ते कामसुद्धा केसभर घासण्याचंच.

आज महाराष्ट्रातल्या मुस्लिम मुलांचा मोठा वाटा गॅरेज, लेथ, वेल्डिंग, यंत्रमाग यांत आहे. स्वयंरोजगार आणि कारागिरीत मुसलमानांचं प्रमाण जास्त असल्याचं २००६ च्या सच्चर अहवालाने नोंदवलं होतं. भिवंडी-मालेगावच्या जुन्या मागांचं बेअरिंग आवाजावरून ओळखणारा फिटर जे जाणतो, ते ज्ञानच आहे. पण त्याला ते मोजता येत नाही, लिहिता येत नाही, आणि म्हणून चाकण-पिंपरीच्या कारखान्यात रोबोट आला की तो बाहेर राहतो. घरातही त्याला 'शिकला नाही म्हणून मिस्त्री झाला' असंच म्हटलं जातं. इंजिनिअरिंगला गेलेल्या भावाला टॉलरन्सची व्याख्या पाठ असते, पण शाफ्टमधला प्ले त्याने बोटाने कधी चाचपलेला नसतो. जझरीमध्ये ही दोन माणसं एकत्र होती. त्याचं वेगळेपण मला तिथे दिसतं.

म्हणून त्याची आठवण ठेवायची असेल तर पोस्टरऐवजी एक व्हर्नियर कॅलिपर घ्यावा. मोहल्ल्याच्या वाचनालयात, मदरशात किंवा आयटीआयला जाणाऱ्या मुलांच्या अभ्यासिकेत तो ठेवावा. एकाच बुशचं माप दहा मुलांनी घ्यावं आणि दहा आकडे फळ्यावर लिहावेत. ते सारखे येणार नाहीत. का आले नाहीत, कोणता फरक मोजणाऱ्याचा आणि कोणता बुशचा, यावर तासभर बोलावं. आणि त्या मुलांना शिकवायला गॅरेजमधल्या मिस्त्रीला उस्ताद म्हणून बोलवावं.